बाल न्याय व्यवस्थेत परिविक्षा अधिकारी व्हायचे असेल तर : महाराष्ट्रातील नवख्यांसाठी मार्गदर्शन

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी हाती आल्यावर मी पहिला अर्ज केला, तो ‘विधी तथा परिविक्षा अधिकारी’ या पदासाठी. ‘परिविक्षा’ हा शब्द दिसताच मला इतका आनंद झाला की त्याच्या आधीचे ‘विधी तथा’ हे दोन शब्द मी वाचलेच नाहीत. रात्रीच्या एसटीने दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन छाननीच्या रांगेत उभी राहिले. टेबलापलीकडच्या लिपिकाने माझी गुणपत्रके चाळली, एलएल.बी.चे प्रमाणपत्र मागितले आणि ते नाही म्हणताच माझा अर्ज बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवला. दुपारी बाराच्या परतीच्या गाडीत बसल्यावर मी ती जाहिरात पहिल्यांदा पूर्ण वाचली. पुढे दुसऱ्या मार्गाने मी या कामात आले आणि टिकले. ज्यांना यायचे आहे, त्यांची निदान ही एक खेप वाचावी, म्हणून हे क्रमवार लिहीत आहे.

१. हे पद नेमके कशासाठी आहे, ते आधी समजून घ्या

अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी गुन्हा केल्याचा आरोप ज्याच्यावर आहे किंवा तसे आढळून आले आहे, अशा मुलाला कायदा ‘विधीसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. अशा मुलाचे प्रकरण नेहमीच्या फौजदारी न्यायालयात जात नाही, ते बाल न्याय मंडळापुढे चालते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य असतात व त्या दोघांपैकी किमान एक स्त्री असावी लागते. या सगळ्याचा आधार म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे, आणि २०२१ साली त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या.

परिविक्षा अधिकारी हा पोलीसही नव्हे आणि वकीलही नव्हे. मुलगा कोणत्या घरातून, शाळेतून, वस्तीतून आला आहे हे तपासून मंडळाला लेखी कळवणे, चौकशी चालू असताना मुलाला आणि पालकांना काय चालले आहे ते समजावून सांगणे, आणि मंडळाने मुलाला देखरेखीखाली घरी पाठवले तर ती देखरेख प्रत्यक्ष करणे, अशी त्याची तीन मुख्य कामे आहेत. प्रकरणाच्या धारिकेतील बहुतेक कागद घटनेविषयी असतात. मुलाविषयी सविस्तर बोलणारा कागद बहुतेक वेळा एकच, तुमचा अहवाल. या नोकरीची तयारी करायची म्हणजे मुख्यतः तो अहवाल लिहिण्याची तयारी करायची, असे माझे मत आहे, आणि पुढच्या सगळ्या सूचना त्या मतातून आल्या आहेत.

२. तीन वेगवेगळे मार्ग आहेत, त्यांची गल्लत करू नका

पहिला मार्ग शासनाच्या नियमित सेवेचा आहे. पुण्यातील महिला व बाल विकास आयुक्तालयामार्फत ‘परिविक्षा अधिकारी, गट क’ या पदाची सरळसेवा भरती होते. २०२४ साली आयुक्तालयाने एकूण २३६ पदांची जाहिरात काढली, त्यात या पदाचाही समावेश होता. अशा जाहिराती वर्षानुवर्षे येत नाहीत आणि एकदा आल्या की अर्जाची मुदत काही आठवड्यांचीच असते. या सेवेतील अधिकाऱ्याकडे १९५८ च्या अपराधी परिविक्षा अधिनियमाखालील प्रौढांची प्रकरणेही येऊ शकतात, हे लक्षात ठेवा.

दुसरा मार्ग जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली प्रत्येक जिल्ह्यात हा कक्ष असतो आणि त्यात ‘विधी तथा परिविक्षा अधिकारी’ हे पद असते. ते कंत्राटी आहे, त्यासाठी कायद्याची पदवी आणि बाल व महिला हक्कांच्या क्षेत्रातील अनुभव मागितला जातो, आणि योजनेच्या मापदंडानुसार त्याचे मानधन दरमहा २७,८०४ रुपये आहे. माझा अर्ज बाजूच्या गठ्ठ्यावर गेला तो याच पदाचा. २०१५ च्या अधिनियमाने ‘परिविक्षा अधिकारी’ या व्याख्येत दोन्ही पदे धरली आहेत, त्यामुळे मंडळापुढे दोघांच्या अहवालाला सारखेच स्थान आहे. पात्रता मात्र वेगळी आहे.

तिसरा मार्ग स्वयंसेवी संस्थांचा. महाराष्ट्रात अनेक जिल्ह्यांत निरीक्षणगृहे, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवण्याची गृहे, जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना चालवतात. मुंबईत १९२७ साली स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी डोंगरीचे गृह आणि माहीमची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा चालवते. अशा संस्थांतील पदांच्या जाहिराती स्थानिक वृत्तपत्रांत येतात आणि भरती त्यांच्या आस्थापनेवर होते. वेतनाचे अनुदान वेळेवर येते का, हे तेथे आधीपासून काम करणाऱ्याला एकदा विचारून घ्यावे. असे विचारण्यात संकोच कसला?

३. शिक्षण निवडताना

समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी हा या कामाचा सर्वांत भक्कम पाया आहे. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, नागपुरात मातृ सेवा संघाचे समाजकार्य महाविद्यालय ही जुनी नावे आहेत. याखेरीज अनेक विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालये आहेत. संस्थेच्या नावापेक्षा एक गोष्ट मी अधिक महत्त्वाची मानते : क्षेत्रकार्यासाठी ती विद्यार्थ्यांना निरीक्षणगृहात किंवा मंडळाशी जोडलेल्या प्रकल्पात पाठवते का? प्रवेशापूर्वीच हा प्रश्न विचारा. दोन वर्षे केवळ सर्वेक्षणाचे तक्ते भरून आलेल्या पदवीधरापेक्षा सहा महिने निरीक्षणगृहाच्या व्हरांड्यात बसलेला विद्यार्थी मुलाखतीत लगेच ओळखू येतो.

कायद्याची पदवी घ्यावी का, असे मला नेहमी विचारले जाते. आधी समाजकार्य आणि मग जमल्यास तीन वर्षांची एलएल.बी., या क्रमाने गेल्यास तिन्ही मार्ग खुले राहतात. केवळ कंत्राटी पदासाठी तीन वर्षे खर्च करू नका, पण कायद्याची आवड असेल तर त्या अभ्यासाचा उपयोग रोज होतो.

पदवी कोणतीही असो, मूळ अधिनियम स्वतः वाचा. नव्या माणसाने कलम २ मधील व्याख्या, कलम ३ मधील तत्त्वे, मंडळाच्या जबाबदाऱ्यांचे कलम ८, आणि मग १०, १२, १३, १४, १५, १८, २४, ७४ व ९४ ही कलमे इतकी वाचावीत की पुस्तक न उघडता सांगता यावीत. जोडीला केंद्राचे २०१६ चे आदर्श नियम आणि महाराष्ट्राचे २०१८ चे नियम ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यामुळे जुन्या टिपणांतील गुन्ह्यांची कलमे बदलली आहेत. हे केवळ आकड्यांचे बदल म्हणून सोडून देऊ नका, कारण गुन्हा किरकोळ, गंभीर की निर्घृण हे त्याच्या शिक्षेवरून ठरते आणि पुढची सगळी प्रक्रिया त्या वर्गीकरणावर अवलंबून असते. कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत असलेला गुन्हा किरकोळ धरला जातो. त्याची चौकशी चार महिन्यांत, आणि वाढवून दिलेल्या जास्तीत जास्त दोन महिन्यांत पूर्ण झाली नाही, तर कार्यवाही संपुष्टात येते.

४. अर्ज करण्याआधी हे काम जवळून पाहा

मंडळाची बैठक हे खुले न्यायालय नाही. हौशी माणसाला तेथे मागच्या बाकावर बसून ऐकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आत जाण्याचे रास्त मार्ग दोनच आहेत : महाविद्यालयाचे क्षेत्रकार्य, किंवा मंडळाशी काम करणाऱ्या एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेत स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवणे. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज देऊन निरीक्षणगृह पाहण्याची परवानगी मागता येते, परंतु एका भेटीत इमारतीपलीकडे फारसे काही दिसत नाही.

शक्य झाल्यास तारखेच्या दिवशी मंडळाबाहेरच्या जागेत एक सकाळ काढा. रोजंदारी बुडवून आलेले पालक, हातातल्या कागदाची घडी पुन्हा पुन्हा उलगडणारी आजी, आपला पुकारा झाला की नाही हे कोणाला विचारावे ते न कळणारी माणसे तेथे असतात. ती बघून जर मनात पहिला विचार ‘या मुलांना धडा शिकवला पाहिजे’ असा येत असेल, तर हे पद आपल्यासाठी नाही, असे मी स्पष्टपणे सांगेन. मुलगा निर्दोष असल्याचे गृहीत धरावे आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, ही तत्त्वे कलम ३ मध्येच लिहिलेली आहेत. ती नकोशी वाटणाऱ्या माणसाला रोज स्वतःशी भांडत काम करावे लागते.

५. कागदपत्रांची धारिका आजच लावा

सरळसेवेच्या छाननीत चांगले उमेदवार गुणांपेक्षा कागदांवर अधिक गळतात. पुढील कागद मूळ आणि स्वसाक्षांकित प्रतींसह तयार ठेवा :

- दहावीचे प्रमाणपत्र व गुणपत्रक, पदवी व पदव्युत्तर पदवीची सर्व सत्रांची गुणपत्रके आणि पदवी प्रमाणपत्र
- शाळा सोडल्याचा दाखला
- वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र
- आरक्षणाचा लाभ घेत असल्यास जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तेथे उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र
- संगणक अर्हतेचे प्रमाणपत्र, बहुधा एमएस-सीआयटी
- लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र
- विवाहानंतर नाव बदलले असल्यास विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद
- अनुभव प्रमाणपत्रे

यांतील दोन कागदांविषयी थोडे अधिक लिहिते. उन्नत गटाच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि कोणत्या आर्थिक वर्षाचे प्रमाणपत्र चालेल हे जाहिरातीत दिलेले असते. ‘माझ्याकडे आहे’ असे समजून जुने जोडणारे दरवेळी भेटतात. अनुभव प्रमाणपत्र तर संस्था सोडतानाच घ्या. त्यावर पदनाम, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, कामाचे स्वरूप, जावक क्रमांक आणि स्वाक्षरी करणाऱ्याचे पद असलेच पाहिजे. ‘यांनी आमच्याकडे उत्तम काम केले’ एवढेच लिहिलेला कौतुकाचा कागद छाननीत अनुभव म्हणून धरला जात नाही, आणि चार वर्षांनी त्या संस्थेत तुम्हाला ओळखणारे कोणी राहिलेले नसते.

वयोमर्यादा नियमित पदांसाठी साधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३ वर्षे असते. कंत्राटी पदांना वेगळी असू शकते. शैक्षणिक पात्रतेचा परिच्छेद मात्र आपल्या पदवी प्रमाणपत्राशेजारी ठेवून शब्दाला शब्द लावून वाचा.

६. परीक्षा आणि मुलाखत

नियमित पदाची परीक्षा संगणकावर, वस्तुनिष्ठ प्रश्नांची असते. त्यात मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी असा नेहमीचा साचा असतो. येथे तुमची बालहक्कांविषयीची तळमळ मोजली जात नाही, वेग मोजला जातो, तेव्हा इतर स्पर्धा परीक्षांप्रमाणेच जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवा. याहून अधिक सांगण्यासारखे त्यात काही नाही.

कंत्राटी पदांच्या मुलाखतीत मात्र कायदा विचारतात आणि तोही प्रसंगातून. ‘सतरा वर्षांच्या मुलाला पोलिसांनी रात्री ठाण्यात बसवून ठेवले आहे, तुम्ही काय कराल?’ असा प्रश्न आला तर भाषण करू नये. मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत मंडळापुढे हजर करावे लागते, ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो आणि पालकांना व परिविक्षा अधिकाऱ्याला कळवणे ही त्याची जबाबदारी आहे, हे क्रमाने सांगावे. वय सिद्ध करण्याचा प्रश्नही आवडीचा आहे. कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसल्यास महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यांतले काहीच नसेल तरच वैद्यकीय चाचणी, असा क्रम आहे. हा क्रम उलटा सांगणारे उमेदवार मी पाहिले आहेत.

७. पहिला अहवाल : येथे घाई करू नका, पण दिवस मोजा

या अहवालाला सामाजिक तपासणी अहवाल म्हणतात. कार्यालयात त्यासाठी ‘गृहचौकशी’ हा शब्द अधिक चालतो. केंद्राच्या आदर्श नियमांत त्यासाठी नमुना ६ दिलेला आहे. मुदत पंधरा दिवसांची आहे, आणि ती मुलगा मंडळापुढे प्रथम हजर झाला त्या दिवसापासून मोजली जाते. तुमच्या टेबलावर पत्र आले त्या दिवसापासून नव्हे. पत्र आवक विभागात पाच दिवस पडून राहिले तर ते पाच दिवस तुमचेच गेले. म्हणून पत्राची वाट न पाहता मंडळाच्या प्रत्येक बैठकीच्या दिवशी नव्याने हजर झालेल्या मुलांची नावे स्वतः उतरवून आणण्याची सवय लावा.

माझा पहिला अहवाल पाच पानांचा होता आणि मला त्याचा अभिमान होता. मंडळाच्या एका सदस्यांनी तो परत दिला, तेव्हा पोलिसांच्या कागदांतून आलेल्या प्रत्येक ओळीखाली त्यांनी पेन्सिलने रेघ ओढली होती. बिनरेघेचा मजकूर जेमतेम पाऊण पान उरला होता. घटनेची हकिकत मंडळाकडे आधीच असते. तुम्ही तेथे पाहिले काय, ऐकले काय आणि तपासले काय, हे त्यांना हवे असते.

एका प्रकरणातून हे दाखवते. ओळख पटेल असे सर्व तपशील मी बदलले आहेत. पंधरा वर्षांचा मुलगा, मोबाइल चोरीचा आरोप. पोलिसांच्या कागदावर पत्ता होता तो त्याच्या मामाचा, आणि मुलगा तेथे दोन वर्षांत राहिलाच नव्हता. खऱ्या घरी पोहोचायला दुसरी फेरी लागली. शाळेत गेले तेव्हा वर्गशिक्षकांनी सांगितले, ‘सतत गैरहजर, लक्ष नाही, उनाड आहे.’ हे वाक्य अहवालात उतरवून मी निघू शकले असते. हजेरीपट पाहायला मागितला, तर त्याची जवळजवळ सगळी गैरहजेरी बुधवारची निघाली. बुधवारी त्या गावचा आठवडी बाजार भरतो. आईला विचारल्यावर कळले की वडिलांचे कामावर जाणे थांबल्यापासून मुलगा बाजाराच्या दिवशी पहाटे चारपासून भाजीची पोती उतरवत होता. घरात खाटेखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात उघडलेले तीन जुने, बंद पडलेले मोबाइल व एक बारीक स्क्रूड्रायव्हर. ते बाजारात शंभर-दीडशे रुपयांना घेतलेले होते, आणि विकणाऱ्यानेही तसेच सांगितले. या माहितीने त्याने चोरी केली की नाही हे ठरत नाही आणि ते ठरवणे माझे काम नव्हतेच. परंतु मंडळापुढे ‘उनाड’ या एका शब्दाऐवजी बुधवारांची यादी गेली.

यातून घ्यायची पद्धत अशी. घरी किमान एकदा, शाळेत किंवा कामाच्या ठिकाणी एकदा आणि मुलाशी स्वतंत्रपणे किमान दोनदा भेट घ्या, कारण पहिल्या भेटीत मूल तुम्हाला पोलीसच समजत असते. लोकांचा अभिप्राय आणि कागदावरची नोंद वेगळी ठेवा, आणि प्रत्येक माहितीपुढे ती कोणी सांगितली ते लिहा. शेजाऱ्यांकडे चौकशी करताना प्रकरणाचा उल्लेख करू नका. वस्तीत शासकीय पाटीची गाडी दारापर्यंत नेऊ नका, कोपऱ्यावर उतरून चालत जा. आई-वडिलांना ‘मी सोडवते’ किंवा ‘काही होणार नाही’ असे चुकूनही सांगू नका. तो निर्णय मंडळाचा आहे आणि खोटे पडलेले आश्वासन पुढची देखरेख अशक्य करून ठेवते. कोणी चहाखेरीज काही देऊ केले तर तेथेच, सर्वांसमोर नाकारा.

भाषाही सांभाळा. कलम ३ आरोप व कलंक सूचित करणारे शब्द टाळायला सांगते. त्यामुळे ‘आरोपी’, ‘अटक’, ‘गुन्हेगार प्रवृत्ती’ हे शब्द अहवालात नकोत. ‘मुलाला ताब्यात घेण्यात आले’ असे लिहावे. हा केवळ शिष्टाचार नाही. ‘गुन्हेगार प्रवृत्ती’ असे लिहिले की लिहिणारा पुढचे निरीक्षण करणेच थांबवतो, हे मी स्वतःवरून सांगते.

शेवटी शिफारस येते. कलम १८ मध्ये समज देऊन सोडण्यापासून समूह समुपदेशन, सामुदायिक सेवा, दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पालकांच्या ताब्यात देणे आणि विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवणे, इथपर्यंत पर्याय आहेत. ‘मुलास सुधारण्याची संधी द्यावी’ हे वाक्य जवळपास प्रत्येक अहवालाच्या तळाशी असते आणि त्याने मंडळाला काहीच मदत होत नाही. कोणता वर्ग, कोणत्या ठिकाणी, आठवड्यातून किती दिवस, तेथे नेणार कोण, खर्च कोणाचा, एवढे लिहा. वरील मुलाच्या बाबतीत मी जन शिक्षण संस्थानाच्या मोबाइल दुरुस्तीच्या वर्गाची चौकशी करून जागा शिल्लक आहे का ते विचारून मगच शिफारस लिहिली. तो वर्ग त्याने दीड महिन्यात सोडला, हेही सांगून ठेवते. नंतर तो एका दुकानात कामाला बसला आणि संध्याकाळच्या शाळेत गेला. शिफारस फसू शकते, पण ती ठोस असली की फसल्याचे वेळेवर कळते आणि बदलता येते.

सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल तर कलम १५ प्रमाणे मंडळ प्राथमिक मूल्यमापन करते आणि प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकते. अशा वेळी तुमच्या प्रत्येक वाक्याला वजन येते. पहिल्या वर्षी असे प्रकरण आले तर वरिष्ठांना सोबत घ्या. ‘पळून गेलेल्या’ जोडप्यांची प्रकरणेही पुष्कळ येतात. मुलगी अठराच्या आतली असल्याने पॉक्सो कायद्यात संमतीला जागा नसते, आणि सतरा वर्षांचा मुलगा गंभीर कलमांखाली समोर येतो. दोन्ही घरांचा राग तुमच्यावर निघेल, त्याची तयारी असू द्या.

८. गोपनीयतेत एकही सूट नाही

कलम ७४ प्रमाणे मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तुमचा अहवालही गोपनीय असतो. पुण्यातील मे २०२४ च्या मोटार अपघातानंतर बाल न्याय मंडळ हा शब्द घरोघरी पोहोचला आणि जामिनाच्या अटीतल्या निबंधावर चहाच्या टपरीवरही मते मांडली गेली. अशा काळात नातेवाईक आणि जुने मित्र सहज ‘तुमच्याकडे काय चालते हो?’ असे विचारतात. कायदा समजावून सांगा. आपल्याकडच्या मुलाचे उदाहरण, नाव न घेताही, देऊ नका, कारण लहान गावात बाकीचे तपशील जुळवायला वेळ लागत नाही. गृहभेटीची छायाचित्रे कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. तुमच्याकडून तशी अपेक्षा झाली तर लेखी आदेश मागा. लेखी आदेश मागितला की विषय बहुधा तेथेच संपतो.

९. देखरेख आणि नोकरीतले वास्तव

देखरेखीचे काम वरून सोपे दिसते, कारण त्याला अहवालासारखी पंधरा दिवसांची टाच नसते. म्हणूनच ते मागे पडते. प्रत्येक मुलाची पुढील भेटीची तारीख आधीच्या भेटीतच ठरवा आणि दैनंदिनीत त्याच दिवशी नोंद करा : कोठे भेटलो, कोण होते, काय बदलले, पुढे काय. महिन्याच्या शेवटी एका बैठकीत तीस भेटी आठवून लिहिणाऱ्याची दैनंदिनी वाचणाऱ्याला लगेच कळते, कारण तिच्यात प्रत्येक मुलाची प्रगती ‘समाधानकारक’ असते.

काम दगदगीचे आहे. तालुक्यांतली अंतरे, बैठकीचे ठरलेले दिवस, आणि प्रवासभत्त्याची देयके महिनोन्महिने अडकणे हे गृहीत धरा. कंत्राटी पदावर असाल तर मुदत संपण्याच्या दोन महिने आधी नूतनीकरणाविषयी लेखी विचारणा करून पोच घ्या आणि आधीच्या आदेशांच्या प्रती घरी ठेवा. काही प्रकरणे मनातून जात नाहीत. निरीक्षणगृहातील समुपदेशकांशी किंवा अनुभवी सहकाऱ्यांशी ठरवून बोला. मी पहिली दोन वर्षे हे टाळले आणि त्याचे परिणाम झोपेवर झाले.

रुजू होण्याच्या पहिल्या दिवशी तुम्हाला बहुधा एक कपाट आणि किल्ली मिळेल. स्वागताचा चहा संपण्यापूर्वी आधीच्या अधिकाऱ्यांकडून किंवा लिपिकाकडून प्रलंबित अहवालांची यादी लेखी मागून घ्या. तिच्यात प्रत्येक नावापुढे मुलगा मंडळापुढे प्रथम हजर झाल्याची तारीख, सध्या तो निरीक्षणगृहात आहे की घरी, आणि पत्ता कोणी पडताळला, असे तीन रकाने आखा. जो मुलगा निरीक्षणगृहात आहे आणि ज्याचा तिसरा रकाना रिकामा आहे, त्याच्या घरचा रस्ता दुसऱ्या दिवशी सकाळी विचारत निघा.